ताऱ्याकडे जाण्याची तारीख

शाळेत अवकाशविज्ञानावर व्याख्यान झाले, की शेवटच्या प्रश्नोत्तरांत एखादा हात हमखास वर जातो आणि प्रश्न येतो : 'माणूस दुसऱ्या ताऱ्याकडे कधी जाईल?' प्रश्न चांगला आहे. त्याला मिळणारी उत्तरे मात्र बहुधा फसवी असतात. कोणी 'शंभर वर्षांत' म्हणतो, कोणी 'या शतकाच्या अखेरीस'. रविवारच्या पुरवण्यांतले लेख, मुलांसाठी लिहिलेली अवकाशावरची पुस्तके आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती या सर्वांत या विषयाचा एक साचाच तयार झाला आहे. आधी तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे वर्णन, मग एखाद्या नव्या यानाची बातमी, मग 'दुसऱ्या पृथ्वी'चे रंगीत चित्र आणि शेवटी एक तारीख. त्या तारखेचे काय करायचे, हा पेच अखेर वर्गातल्या शिक्षकापुढे येतो. म्हणून या साच्याचे थोडे परीक्षण करावे, असे आम्हांला वाटते.

परीक्षण करायचे तर मोजपट्टी हवी. ती आपल्याला मराठीतच सापडते.

कोल्हापूरची मोजपट्टी

जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही मूळचे कोल्हापूरचे. ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे जयंतरावांचे बालपण वाराणसीत गेले. पुढे केंब्रिज, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९८८ पासून पुण्यातील आयुका असा त्यांचा प्रवास झाला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी कोल्हापुरात अभिमानाने बोलले जाते, ते योग्यच आहे. शिक्षकांनी मात्र अभिमानाच्या पुढे जाऊन त्यांची लिहिण्याची रीत उचलावी.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. त्यानंतर त्यांनी सातत्याने विज्ञानकथा लिहिल्या. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यांपैकी बहुतेकांच्या परिचयाची. तिच्यात लेखक वाचकाकडे एकच सूट मागतो : अवकाशाला एक विशिष्ट पीळ आहे आणि त्यातून गेलेली वस्तू आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी होऊन परतते, एवढे माना. पुढचे सारे तर्काने येते. माणसाची डावी-उजवी बाजू बदलते, गणपतीची सोंड बदलते. एकदा मागितलेली सूट दुसऱ्यांदा मागितली जात नाही. 'धूमकेतू'मध्येही संकट आकाशातून येते, पण ते केव्हा येईल आणि कसे टाळता येईल, हे गणिताने ठरते. त्याच वेळी घरात चाललेली पूजाअर्चा शेजारी ठेवून लेखक वाचकाला दोन्हींची तुलना करू देतो.

या कथांत उणिवा नाहीत असे नाही. पात्रे कधी कधी पात्रे राहत नाहीत, फळ्यापाशी उभे राहून समजावून सांगणारे प्राध्यापक होतात. संवाद माहितीच्या ओझ्याने वाकतात. माणसांच्या आतल्या उलघालीपेक्षा कल्पनेच्या उलगड्यात लेखकाला अधिक रस आहे, हे जाणवते. पण एका बाबतीत या कथा चोख आहेत. कोणता भाग सिद्ध विज्ञानाचा आणि कोणता भाग मागितलेल्या सुटीचा, हे वाचकाला वेगळे करता येते. कथाकार जे पथ्य पाळतो, ते स्वतःला विज्ञानलेख म्हणवणाऱ्या लेखनाने पाळायला काय हरकत आहे? याच पथ्याने ताऱ्यांच्या प्रवासावरील लेखन तपासून पाहू.

बिंदू चौकापासून अहिल्यानगरपर्यंत

साच्यातल्या लेखात अंतर 'अब्जावधी किलोमीटर' किंवा 'कित्येक प्रकाशवर्षे' असे येते. दोन्हींनी मुलाच्या मनात काहीच उमटत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. हे अंतर आपण गावातच आखून पाहू.

पृथ्वी ते सूर्य हे १५ कोटी किलोमीटरचे अंतर १ मीटर मानू. मग सूर्य होतो ९ मिलिमीटरचा, म्हणजे एका हरभऱ्याएवढा. तो हरभरा कोल्हापूरच्या बिंदू चौकात ठेवा. पृथ्वी त्याच्यापासून १ मीटरवर, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, धुळीच्या कणासारखी. चंद्र त्या कणापासून अडीच मिलिमीटरवर. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा या नकाशात तो इतकाच हलला. नेपच्यून ३० मीटरवर येतो. आणि प्रॉक्सिमा? तो येतो २६८ किलोमीटरवर. कोल्हापूरहून सरळ रेषेत मोजले तर जवळजवळ अहिल्यानगरला. मधल्या साऱ्या वाटेवर, कऱ्हाड-सातारा ओलांडले तरी, एकही दुसरा हरभरा नाही.

आता व्हॉयेजर-१ कुठे आहे ते पाहा. हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर आहे. एक प्रकाशदिवस एवढे अंतर तोडायला त्याला ४९ वर्षे लागतात. आपल्या नकाशात हे अंतर १७३ मीटर आहे. पाऊण आयुष्य चालून प्रवासी बिंदू चौकातून अजून नजरेआड झालेला नाही, आणि जायचे आहे अहिल्यानगरला. या वेगाने प्रॉक्सिमाएवढे अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. (व्हॉयेजरची दिशा प्रॉक्सिमाची नाही, हेही मुलांना सांगावे.)

एवढा नकाशा पटांगणात आखला, की 'कधी' या प्रश्नाचा सूर बदलतो. मूल मग विचारते, 'मग वेग वाढवता येणार नाही का?' हा अधिक चांगला प्रश्न आहे.

वेगाचा खोटा आलेख

साच्यातले लेख येथे एक ठरलेली मांडणी करतात. १९०३ मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले, १९६९ मध्ये माणूस चंद्रावर पोहोचला. ६६ वर्षांत एवढी झेप, तर आणखी शंभर वर्षांत तारे का नाहीत? वरवर पटणारी ही मांडणी आहे. पण ती आलेखाचे सोयीचे दोन बिंदू निवडते. तिसरा बिंदू घेऊन पाहू. न्यू होरायझन्स हे यान २००६ मध्ये निघाले. व्हॉयेजरनंतर २९ वर्षांनी निघालेले हे यान आज सूर्यापासून व्हॉयेजर-१ पेक्षा कमी वेगाने दूर जात आहे. म्हणजे सूर्यमालेबाहेर जाण्याच्या वेगात आपण अर्ध्या शतकात पुढे सरकलेलोच नाही. संगणक, कॅमेरे, दळणवळण यांत अफाट प्रगती झाली, पण 'तंत्रज्ञान' ही एकच वस्तू नाही. तिची एक शाखा धावते तेव्हा दुसरी थांबलेली असू शकते.

दुसरी नेहमीची चूक अधिक बारीक आहे. पार्कर सौर यानाने २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून जाताना सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेग गाठला. माणसाने बनवलेल्या वस्तूचा हा विक्रम आहे. लगेच भागाकार केला जातो : या वेगाने प्रॉक्सिमा ६,६०० वर्षांत! भागाकार बरोबर आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा आहे. हा वेग इंजिनाने दिलेला नाही. यान सूर्याकडे 'पडत' होते, म्हणून तो मिळाला. विहिरीत पडणाऱ्या दगडाचा तळाजवळचा वेग मोजून तो दगड विहिरीबाहेर किती उंच जाईल, हे कोणी सांगत नाही. सूर्यापासून दूर जाताना पार्करचा तो वेग पुन्हा सूर्याच्या गुरुत्वाकर्षणातच खर्च होतो. नववी-दहावीच्या वर्गात स्थितिज आणि गतिज ऊर्जा शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

वैरणीची गाडी आणि कोयनेची वीज

वेग वाढवण्यात अडचण काय आहे? रॉकेटला आपले इंधन स्वतःबरोबर वाहावे लागते. लांबच्या मुलखात निघालेल्या बैलगाडीची कल्पना करा. वाटेत कोठेच चारा नाही. मग गाडीत वैरण भरावी लागते. वैरण ओढायला जास्त बैल, त्या बैलांना आणखी वैरण. रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये हेच गणिताने मांडले. हवा असलेला वेग आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग यांचे गुणोत्तर वाढले, की इंधनाचे प्रमाण घातांकी पद्धतीने वाढते.

आजच्या उत्तम रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. प्रकाशाच्या वेगाचा दहावा भाग, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर, गाठायचा तर निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या किती पट हवे? उत्तर येते १ वर सुमारे २,९०० शून्ये. दृश्य विश्वातील सर्व अणूंची संख्या १ वर ८० शून्ये अशी अंदाजली जाते. तेव्हा रासायनिक रॉकेटने ताऱ्याकडे जाणे अवघड आहे, असे म्हणणे पुरेसे नाही. ते अशक्य आहे. लेखकाने एवढे तरी नि:संदिग्धपणे लिहावे, ही अपेक्षा जास्त नाही.

इंधनाचा प्रकार बदलला तरी ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. १ टन वजन प्रकाशाच्या एक दशांश वेगाने न्यायचे आहे, एवढेच घेऊ. गतिज ऊर्जेचे शाळेतले सूत्र वापरले तर उत्तर ४.५ गुणिले दहाचा सतरावा घात ज्यूल, म्हणजे सुमारे १२,५०० कोटी युनिट वीज. आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. प्रत्यक्षात तो तसा चालत नाही, पण समजा त्याची सर्व यंत्रे रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवली, तर १ टनासाठी सव्वासात वर्षे वीज साठवावी लागेल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे वजन ४२० टनांच्या आसपास आहे. त्याच्यासाठी ३,००० वर्षे. यात वाया जाणारी ऊर्जा धरलेली नाही आणि तिकडे पोहोचल्यावर थांबण्याची तर नाहीच. थांबायचे असेल तर वेग मारायलाही इंधन हवे. जाण्यासाठी वजनाचे गुणोत्तर १० असेल, तर जाऊन थांबण्यासाठी ते १०० होते.

या हिशेबाला प्रामाणिकपणे सामोरे गेलेले प्रयत्नही आहेत आणि त्यांची नावे मुलांना कळली पाहिजेत. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात 'डीडॅलस' नावाच्या यानाचा आराखडा केला. अणुसंमीलनावर चालणारे, सुमारे ५४,००० टनांचे यान. त्यातले ५०,००० टन इंधन. वेग प्रकाशाच्या सुमारे १२ टक्के. लक्ष्य ५.९ प्रकाशवर्षांवरचा बर्नार्डचा तारा, प्रवास जवळपास ५० वर्षांचा. यानात माणूस नाही आणि ते तेथे थांबणारही नाही. लागणारा हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून गोळा करायचा. या आराखड्याच्या कर्त्यांनी तारीख सांगितली नाही. 'हे, हे आणि हे जमले तर' असे लिहिले. नारळीकरांच्या कथेतले पथ्य ते हेच.

याउलट एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'ब्रेकथ्रू स्टारशॉट' प्रकल्पाचे वृत्तांकन पाहावे. 'वीस वर्षांत दुसऱ्या ताऱ्यावर' असे मथळे झळकले. मूळ कल्पना अशी होती, की १०० गिगावॅट शक्तीचा लेसर जमिनीवरून काही ग्रॅम वजनाच्या पातळ शिडावर रोखायचा आणि त्याला प्रकाशाच्या २० टक्के वेग द्यायचा. इंधन बरोबर न्यायचे नाही, म्हणून वैरणीच्या गाडीतून सुटका होते. कल्पना सुंदर आहे. पण १०० गिगावॅट म्हणजे कोयनेसारखी ५० वीजकेंद्रे, एकाच वेळी, एकाच शिडावर. आणि वीस वर्षे ही प्रवासाची होती, तयारीची नव्हे. मथळ्यात हा फरक गेला. 'माणूस' हा शब्दही तेथे बसत नव्हता, कारण यान टपाल तिकिटाएवढे होते. दहा कोटी डॉलरच्या घोषणेनंतर पुढे ते काम थंडावले. त्याची बातमी मात्र फारशी कोठे आली नाही.

आणखी एक तपशील अशा लेखांत क्वचितच दिसतो. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणाऱ्या यानावर वाटेत १ मिलिग्रॅमचा धूलिकण आदळला, तर ४५ कोटी ज्यूल ऊर्जा सुटेल. शंभर किलोहून अधिक टीएनटीच्या स्फोटाएवढी. रिकामे अवकाश अगदी रिकामे नसते.

काळ संथ होतो, पण फुकट नाही

येथपर्यंत आल्यावर हुशार विद्यार्थी आइन्स्टाइनला मदतीला बोलावतो. वेगवान यानात काळ संथ चालतो, मग प्रवाशाला वेळ कमीच लागणार! तत्त्व खरे आहे, प्रयोगांनी सिद्ध आहे. पण आकडा घालून पाहावे. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने प्रॉक्सिमाला ४२ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. यानातल्या घड्याळात त्यांतून वाचतील सुमारे अडीच महिने. ९९ टक्के वेग गाठला, तर मात्र पृथ्वीवरच्या ४.३ वर्षांच्या जागी प्रवाशाची सातच महिने जातील. किंमत? दर टनामागे आधीच्या १,२०० पट ऊर्जा. साऱ्या जगाच्या एका वर्षाच्या ऊर्जावापराच्या जवळ जाणारा हा आकडा आहे, आणि तो एका टनासाठी. सापेक्षतेचा लाभ घ्यायचा तर आधी ऊर्जेचे बिल भरावे लागते. पहिली गोष्ट सांगून दुसरी न सांगणे, हा या साच्यातला सर्वांत मोहक दोष आहे.

पिढ्यांचे जहाज

वेग जमत नसेल तर वेळ घेऊ, असा दुसरा मार्ग सुचवला जातो. एक प्रचंड यान, त्यात शेकडो माणसे, पिढ्यांमागून पिढ्या. निघणारे पोहोचणार नाहीत, त्यांचे पणतू पोहोचतील. कल्पना कोल्हापूरकरांना परकी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. पूर्ण झाले ते १९५० च्या दशकात. आपण न पाहिलेल्या माणसांसाठी काम आरंभता येते, याचा हा पुरावा आहे.

पण साम्य येथेच संपते. धरण अपुरे राहिले तेव्हा भोगावती वाहतच होती, गावे चालू होती. यानात काम अपुरे राहण्याची सोय नाही. हवा, पाणी, अन्न यांचे चक्र पहिल्या दिवसापासून पूर्ण हवे. असा प्रयोग पृथ्वीवर झाला आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना येथे 'बायोस्फीअर-२' नावाच्या सुमारे सव्वा हेक्टरच्या बंदिस्त काचघरात आठ माणसे २६ सप्टेंबर १९९१ रोजी आत गेली आणि दोन वर्षे राहिली. सोळा महिन्यांत आतल्या हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांवर आला. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध मातीतले जीवाणू तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत होता. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. यानात 'बाहेर' नसते. अवकाशात सलग सर्वाधिक काळ राहण्याचा विक्रम व्हालेरी पोल्याकोव्ह यांच्या नावावर आहे : १९९४-९५ मध्ये ४३७ दिवस. त्यांनाही रसद पृथ्वीवरूनच जात होती.

आणि समजा निघालोच, तर आणखी एक गुंता आहे. पहाटे कोल्हापूरच्या बसस्थानकावरून गावोगाव थांबत जाणारी एसटी पकडली आणि दोन तासांनी सुटलेली थेट गाडी वाटेतच पुढे निघून गेली, असा अनुभव पुष्कळांना असतो. चारशे वर्षांच्या प्रवासाला आज निघावे, की शंभर वर्षे थांबून दोनशे वर्षांच्या यानाची वाट पाहावी? 'कधी' या प्रश्नात 'कधी निघावे' हाही प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर भविष्यातल्या वेगावर अवलंबून आहे. म्हणून प्रामाणिक लेखक एका तारखेऐवजी अटींची यादी देईल.

'दुसरी पृथ्वी' नावाची सोय

येथवरच्या चुका हिशेबाच्या होत्या, त्या फळ्यावर दुरुस्त होतात. साच्याच्या शेवटी येणारे वाक्य मात्र आम्हांला अधिक काळजीचे वाटते : 'पृथ्वी राहण्यायोग्य उरली नाही, तर मानवजात दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर स्थलांतर करील.' ऑगस्ट २०१६ मध्ये प्रॉक्सिमाभोवती एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले तेव्हापासून हे वाक्य वाढले आहे. त्या ग्रहाविषयी खात्रीने माहीत आहे ते एवढेच : त्याचे वस्तुमान निदान पृथ्वीइतके आहे, तो ११.२ दिवसांत एक फेरी मारतो, आणि त्याचा तारा वरचेवर प्रखर ज्वाळा फेकणारा लाल खुजा तारा आहे. तेथे हवा आहे की नाही, हे ठरलेले नाही. त्याचे निळे-हिरवे चित्र हे चित्रकाराचे काम आहे आणि तसे चित्राखाली लिहिलेले असावे.

स्टीफन हॉकिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही मानवजातीच्या दूरच्या भवितव्यासाठी अन्यत्र वस्ती करण्याचा आग्रह धरला होता, हे खरे. लक्षावधी वर्षांच्या हिशेबात त्या विचाराला जागा आहे. पण कोल्हापूरच्या मुलाने २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी घरात आलेले पाहिले आहे. त्याच नदीचे प्रदूषण तो रोज पाहतो. त्याला 'दुसरी पृथ्वी आहे' असे सांगणे म्हणजे हातातला प्रश्न २६८ किलोमीटरवर ढकलणे होय, आणि त्या वाटेवर आपण १७३ मीटरच गेलो आहोत. शिवाय यात एक विसंगती आहे. बंद काचघरातली हवा दोन वर्षे सांभाळता न येणारे आपण बिघडलेल्या पृथ्वीवरून पळून यानातली हवा शतकानुशतके कशी सांभाळणार? ज्यांना पृथ्वी सांभाळता येईल, त्यांनाच असे यान चालवता येईल. 'किंवा' हा शब्द येथे बसतच नाही.

कोण जाऊन आले?

ताऱ्यांमधल्या प्रवासाचा प्रश्न नारळीकरांनी प्रयोगशाळेतही नेला, पण वेगळ्या रूपात. माणसाऐवजी सूक्ष्मजीव असा प्रवास करीत असतील का? फ्रेड हॉयल आणि चंद्र विक्रमसिंघे यांची ही कल्पना. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ मध्ये पुन्हा तसा प्रयोग झाला. त्या नमुन्यांतून तीन नव्या जीवाणूंचा शोध लागल्याचे २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले. त्यांना हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. हे जीवाणू अवकाशातून आले, असा मथळा करण्याचा मोह किती झाला असेल! पण त्याच निवेदनात, या निष्कर्षांतून पृथ्वीबाहेरचे मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेही म्हटले होते. ते जमिनीवरून वर गेले असण्याची शक्यता उरते, आणि बहुतेक शास्त्रज्ञांचा कल तिकडेच आहे. मूळ कल्पना पटो न पटो, निवेदनातले ते वाक्य वर्गात वाचून दाखवण्याजोगे आहे.

प्रवासाचे आणखी एक रूप आपल्याच मुलखात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश तिने टिपला होता. रेडिओलहरींना वैरण लागत नाही. प्रॉक्सिमाकडे संदेश ४.२४ वर्षांत पोहोचतो. पाचवीतल्या मुलीने प्रश्न पाठवला आणि तेथे कोणी ऐकणारे असलेच, तर ती महाविद्यालयात असताना उत्तर येईल. ताऱ्यांशी एवढा संबंध आजच शक्य आहे, आणि त्यासाठी एकही सूट मागावी लागत नाही.

तेव्हा उत्तर काय द्यावे?

नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराबरोबर स्वाक्षरी मिळेल. 'माणूस दुसऱ्या ताऱ्याकडे कधी जाईल?' याचेही उत्तर पोस्टकार्डावर मावते. आमच्या मते ते असे असावे : 'आज ज्ञात असलेल्या कोणत्याही तयार यंत्राने नाही. निसर्गनियमांची मात्र बंदी नाही. अणुसंमीलनाचे इंजिन, पुरेशी ऊर्जा, धुळीपासून संरक्षण आणि दीर्घकाळ टिकणारे बंद जीवनचक्र, या चारही गोष्टी जमल्या तर यान निघू शकेल. यंत्र आधी जाईल, माणूस फार नंतर. तारीख सांगणाऱ्याला यातली कोणती गोष्ट कधी जमणार, ते विचार.'

हे उत्तर मुलांना निराश करील, असे काही शिक्षकांना वाटते. आमचा अनुभव तसा नाही. तारीख ऐकलेले मूल टाळी वाजवून घरी जाते. अटी ऐकलेले मूल त्यांतली एखादी निवडते आणि 'धुळीचे काय करता येईल?' असे विचारीत राहते.

यानंतर मे महिन्यात एखाद्या मोकळ्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, मुलांना दक्षिणेकडे बघायला सांगावे. क्षितिजापासून एका मुठीहून थोडे वर, सुमारे बारा अंशांवर, नरतुरंगातला 'मित्र' म्हणजे अल्फा सेंटॉरी कोल्हापुरातून स्पष्ट दिसतो. प्रॉक्सिमा त्याच्याच परिवारातला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. मित्राचा जो प्रकाश मुलांच्या डोळ्यांत शिरेल, तो चार वर्षांहून अधिक काळ वाटेत होता. तो निघाला तेव्हा आपण कोणत्या इयत्तेत होतो, ते प्रत्येकाने वहीत लिहावे आणि खाली बिंदू चौकातल्या नकाशाचे गणित मांडावे.